अठरावी हाक

ता. ९ मार्च, दुपार

ती. वहिनींना धाकट्या दिराचा नमस्कार.

मी बरा आहे. छोटीचा दात पडला का? तुम्ही पाठवलेला दादाचा स्वेटर मला ढगळ होतो, पण रोज घालतो.

कामाचं थोडं सांगतो, कंटाळू नका. टेकडीवरच्या टाकीखालच्या पंपघरातल्या यंत्राला मी इथून नुकताच पायथॉन या संगणकाच्या भाषेतून हाक मारायला लागलो होतो. सोबत दोन रिकाम्या जागा पाठवायच्या: पाण्याची पातळी आणि शेरा. शेरा तिथला माणूस टाइप करतो. शेजारी रिकामी वाटी पाठवावी, तसंच. पण पायथॉनमध्ये आपली वाटी भरून येत नाही. शेजारी स्वतःच्या वाटीत घालून देतो, ती हातात घ्यावी लागते. हे मला माहीत नव्हतं. मी आपला आपलीच वाटी बघत बसलो.

त्या सकाळी मीच दादाला म्हणालो, "वरून उत्तर येत नाहीये, बघून ये." तो हसला. "छोट्या, डोळे उघडे ठेवून बघितलंस ना?" म्हणाला आणि गेला.

तो गेल्यावर मी सतरा वेळा हाक मारली. सतराही वेळा वाटी रिकामी. यंत्र बंद आहे, असं मी साहेबांना सांगितलं आणि चहा प्यायला गेलो. दादाच्या मृत्यूच्या चौकशीतही तेच सांगितलं.

वहिनी, यंत्र चालू होतं. आलेल्या प्रत्येक उत्तराची प्रत इथे आपोआप साठते. ती मी परवा उघडली. तिसऱ्या हाकेचा शेरा: "दार अडकलंय, फोन लागत नाही." नवव्या हाकेचा: "पाणी चढतंय, माणसं पाठव." सतरावीचा: "छोट्या, बघ ना."

मी बघितलं नाही. मला माफ करा असं लिहायची माझी लायकी नाही.

परवाच चूक दुरुस्त केली आणि सवयीने एकदा हाक मारली. पंपघर पाडून सहा महिने झाले. यंत्र माझ्या मागच्या कपाटात आहे, वायरी काढलेल्या, अजून चिखलाचा वास येतो. तरी उत्तर आलं. पातळी: छतापर्यंत. शेरा: "तिला सांगितलंस का?"

काल तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच. आज कपाटाखालची फरशी ओली होती. मी पुसली, परत ओली झाली.

आता सांगितलं. पत्र पेटीत टाकून येतो आणि पुन्हा हाक मारतो. या वेळी उत्तर हातात घेणार आहे, काहीही असलं तरी.

तुमचा,
ज्याच्याशी दादा सतरा वेळा बोलला, तो