माटोळीतला स्लॉथ

चवथ, साखळीचं घर. संध्याकाळ.

आठ दिवस खपून क्रोशानं विणलेला स्लॉथ आज गणपतीवर बांधलेल्या रानफळांच्या माटोळीत, नारळ-सुपाऱ्यांच्या मधोमध टांगला. तीन-तीन नखांनी काय झकास लटकला! तर आमचे हे म्हणतात, "देवासमोर हें आळशी जनावर कित्याक?"

आळशी? विणता विणता मी वाचलंय. बिचारा नुसत्या पानांवर जगतो, ताकद येणार कुठून? तरी आठवड्यातून एकदा परसाकडे जायला अख्खं झाड उतरतो.

मामंजी माटोळीसाठी रान पालथं घालायचे. ह्यांनी सगळं वाळपईच्या बाजारातून मागवलं, तेही भावजींना पाठवून. आणि हे दुसऱ्याला आळशी म्हणणार!

आरतीला सगळं घर उभं राहिलं. हे खुर्चीत बसूनच टाळ्या वाजवत होते. गुडघे चांगले ठणठणीत आहेत.

स्लॉथ निदान आठवड्यातून एकदा तरी हलतो.