मॅडमच्या आई

नाशिक
रविवार दुपार

प्रिय मृण्मयी,

तू रागावली आहेस हे तुझ्या फोनवरूनच कळतं. "जेवलीस का, गोळी घेतलीस का, ठेवते," एवढ्यावर हल्ली आपलं बोलणं आटपतं. माझी गाडी चोरीला गेली, मी तुला आठवडाभर सांगितलं नाही आणि तुला ते तनयकडून कळलं, याचा तुला राग आहे. "मी स्वतः पोलिसात, आणि आईनं मलाच परकं केलं," असं तू त्याला म्हणालीस म्हणे. तुमचं बहीण-भावाचं गुपित माझ्यापर्यंत पोचायला आपल्या घरात कधी वेळ लागलाय? फोनवर समजवायला गेले की तू मध्येच प्रश्न विचारतेस, जबाब घेतल्यासारखे, आणि माझं निम्मं बोलणं राहून जातं. म्हणून हे पत्र. वर्दी उतरवून, चहा घेऊन बस आणि मग वाच.

त्या दिवशी सकाळी मी गंगापूर रोडला राखी भाजीवालीकडे मेथी घ्यायला गेले. गाडी समोर रसवंतीच्या कडेला लावली. मेथी घेतली, वालाच्या शेंगा घेतल्या, राखीच्या सुनेचे दिवस कुठवर आलेत ते विचारलं आणि वळून बघते तर गाडी जागेवर नाही. आधी वाटलं, मीच विसरले. साठी उलटलेल्या बाईला पहिला संशय स्वतःवरच येतो. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मी त्या रस्त्यावर वेड्यासारखी फिरले, दुसऱ्यांच्या गाड्यांच्या नंबरप्लेटा वाचत. शेवटी राखीच म्हणाली, "काकू, गेली तुमची गाडी. मागं त्या दवाखान्यातल्या सिस्टरची पण इथनंच गेली." तेव्हा कुठे रडू आलं. तुझे बाबा गेल्यावर तूच मला ती गाडी शिकवलीस. मी ब्रेक दाबायच्या ऐवजी किंचाळायचे आणि तू सीट धरून मागे पळायचीस. चिंतामणरावांची बायको या वयात गाडी शिकते म्हणून अख्खी सोसायटी गॅलरीत यायची. लोकांना ती जुनी स्कूटर होती, मला ते पाय होते. आता बँकेत जायचं तरी कुणाला तरी विचारावं लागतं, आणि विचारत बसणं माझ्या स्वभावात नाही हे तुला चांगलं माहीत आहे.

ठाण्यात गेले तर टेबलामागच्या अंमलदारांनी मान वर न करता विचारलं, "चावी कुठंय?" चावी दाखवली. "हँडल लॉक केलं होतं? कॅमेरा आहे तिथं का नाही लावली?" दोन मिनिटांत मला वाटायला लागलं की गाडी मीच चोरली. मग म्हणाले, "मावशी, आधी दोन-चार दिवस शोधा. पोरं पेट्रोल संपेस्तोवर फिरवतात आन् सोडून देतात. नाहीच मिळाली तर या." चोरानं नेलेली गाडी जिची गेली तिनंच शोधायची, हा न्याय मला नवीन होता. शोधली, परत गेले. तेव्हा साहेब बंदोबस्ताला होते. पुढच्या वेळी सिंहस्थाची मीटिंग. मग म्हणाले, मोबाइलवरून ऑनलाइन करा. ते करायला बसले तर ओटीपी आला आणि साइट बंद पडली. सरकारी काम नि सहा महिने थांब! असा संताप झाला म्हणून सांगू. हेल्मेट नसलं तर तुमचा माणूस झाडामागून टुणकन उडी मारून पुढे येतो, आणि गाडी गेली की झाडामागे कुणी नसतं. हे मी तिथेच म्हणाले. तर ते अंमलदार हसले गं. खरंखुरं हसले. मग पुन्हा वहीत मान घातली.

खोटं कशाला बोलू, मला त्या माणसाची कीवही येत होती. मी अख्खी नोकरी वीज मंडळात बिलाच्या खिडकीमागे काढली. खिडकीमागचा माणूस कधी वसकन अंगावर येतो, ते मला इतरांपेक्षा जास्त कळतं. दुपार टळली तरी त्यांचा डबा टेबलावर बंदच होता. फोन वाजतोय, वायरलेस खरखरतोय, एकीकडे नवरा-बायको भांडत उभे, दुसरीकडे रस्त्यावरून उचलून आणलेला दारुडा झोपलेला. त्यात एकेक गुन्हा लिहिला की वरून विचारणा, तुमच्या हद्दीत चोऱ्या का वाढल्या म्हणून. न लिहिलेली चोरी झालेलीच नसते. हे मी तुला काय सांगायचं! लोक पोलिसांना शिव्या घालतात, मीही घातल्या, पण मला तो माणूस दुष्ट दिसला नाही, दमलेला दिसला. तरी तो दमलाय म्हणून माझी गाडी गेलेली नाही असं कसं होईल? म्हणून मी बाकावर बसून राहिले.

त्या बाकावर मला हाजरा भेटली. देवळाली कॅम्पला बाजारात तिचं शिलाईचं छोटं दुकान आहे, जरीकाम करते. लग्नाचा एक घागरा पुरा करून ती तो पोचवायला बसनं शहरात आली, आणि उतरायच्या वेळी बघते तर पायाशी ठेवलेली पिशवी नाही. आता पिशवी वाटेत नक्की कुठे गेली हे तिनं कसं सांगायचं? जिथून बसली तिथले म्हणाले, उतरलात तिकडे जा. इथले म्हणत होते, बसलात तिकडे जा, आमची हद्द नाही. बिचारी चेंडूसारखी इकडून तिकडे. आणि ज्यांचा घागरा, त्या बाईंनी बाजारात सांगायला सुरुवात केली होती की हाजरानंच तो विकला आणि आता चोरीचं नाव करते. तिच्याकडे कपडे टाकणाऱ्या बायका येईनाशा झाल्या होत्या. मला म्हणाली, "ताई, घागरा गेला तो गेला. मी दुसरा करून दीन, डोळे फुटले तरी. पण माझं नाव गेलं तर ते कुठनं शिवून आणू? मला फक्त कागद पायजे, चोरी झाली म्हणून." तिला ना चोर सापडायला हवा होता, ना घागरा परत. आपली वस्तू चोरीला गेली, एवढं कुणीतरी शिक्क्यानिशी मान्य करायला हवं होतं. मी तिच्यासाठी थालीपीठ नेऊ लागले, ती माझ्यासाठी शेवया. तिच्या घरी गेलेय मी एकदा. तिची लेक फलक बारावीला आहे, तुझ्यासारखीच हुज्जत घालते.

आता तुझ्या रागाचं. तुझं नाव मी का सांगितलं नाही? शेजारच्या उज्वलानं सांगितलं, तनयनं फोनवर डोकं खाल्लं, "आई, ताई फौजदार आहे एवढं एक वाक्य बोल, खुर्ची मिळेल." माहीत होतं मला. जिभेवर किती वेळा आलं होतं! तुझ्या खांद्यावर ते दोन तारे लागले तेव्हा मी सोसायटीत घरोघरी पेढे वाटलेत, माझी का इच्छा नसेल सांगायची? पण शेजारी हाजरा बसलेली असायची. मी ते वाक्य बोलले की मी खुर्चीवर जाणार आणि ती बाकावर राहणार, आणि दोघींचं दुखणं तर एकच. शिवाय थोडा हट्टही होता, तो तू माझ्याकडूनच घेतलायस. म्हटलं, बघू तरी, ज्यांचं कुणी पोलिसात नाही त्यांचं काय होतं ते. मी तुला परकं केलं नाही गं. तुला त्यातून बाजूला ठेवलं, एवढंच.

मग तनयनं तुला सांगितलं, त्या दुपारी तू मला फोन केलास आणि नंतर कुणाकुणाला केलेस ते तूच जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पोलिसांची गाडी. उज्वलाला वाटलं, मला धरायलाच आले. ठाण्यात गेले तर तेच अंमलदार उभे राहिले. "मॅडमच्या आई, आधी का नाही बोललात?" चहा आला, बिस्किटं आली, पंखा माझ्याकडे वळवला. ते माझ्या डोळ्यांत बघत नव्हते, मीही त्यांच्या बघत नव्हते. तक्रार झरझर लिहून झाली आणि सहीसाठी कागद पुढे आला. हाजरा बाकावरच होती. तिनंही तेच विचारलं, "ताई, आधी का नाही बोलल्या?" पण तिच्या तोंडून ते वेगळं लागलं. मी पेन खाली ठेवलं, उठले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, हिचं लिहा, मग मी सही करते. मोठे साहेब आतून आले. हद्दीचं काय ते सांगू लागले. मी म्हटलं, साहेब, माझ्या मुलीकडून ऐकलंय, शून्य नंबरनं कुठल्याही ठाण्यात गुन्हा लिहिता येतो, मग हद्द ज्याची असेल त्याच्याकडे पाठवायचा. साहेब अंमलदारांकडे वळले. मग म्हणाले, लिहा रे यांचं. इतके दिवस जे होत नव्हतं, ते चहाचा कप थंड व्हायच्या आत झालं.

हाजरा तो कागद घेऊन घागऱ्यावाल्यांकडे गेली. त्या बाईंनी माफी वगैरे मागितली नाही, पण दुसऱ्या घागऱ्याचं कापड दिलं, आणि बाजारातलं बोलणं थांबलं. परवा ती मला भेटायला घरी आली होती. माझे दोन्ही हात धरून रडली. म्हणाली, "तुमच्या लेकीला माझी दुवा सांगा. अल्ला तिला खूप मोठी करो. तिच्यामुळं माझी इज्जत राहिली." मी मान हलवली, चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. तिला वाटलं, आनंदानं.

ती दुवा मला का झेपली नाही, ते सांगायला हे पत्र लिहितेय, मृण्मयी. तू त्या दुपारी फोन केलास तेव्हा तिकडे तुझ्या ठाण्यातूनच बोलत होतीस. "आई, तू काही काळजी करू नकोस, मी बघते," म्हणालीस, आणि तुझा आवाज भरून आला होता. तुझ्यासमोर कुणी म्हातारा माणूस तिकडच्या बोलीत बोलत होता, "मॅडम, सायकल नेली जी माही. तिसऱ्या खेपेनं आलो." तू फोनवर हात ठेवलास, पण तो नीट बसला नव्हता. मला स्वच्छ ऐकू आलं. "बाबा, उद्या या. आज नाही जमायचं, माझ्या आईची गाडी चोरीला गेलीय." तू वाईट नाहीस, बाळा. दमलेली असशील, तुमच्याकडेही माणसं कमीच असतील, आणि तू म्हणालीस ते माझ्या मायेपोटी. म्हणूनच तर ते माझ्या घशाखाली उतरत नाही. ते बाबाही माझ्यासारखेच बाकावर बसले असतील आणि त्यांची मुलगी कुठे फौजदार नसेल. माझी गाडी सापडो न सापडो, मला रिक्षा मिळते. तू त्यांना शोध. कुणाला तरी त्यांचं गाव माहीत असेल, नसेल तर माणूस पाठव. त्यांना खुर्ची दे, पाणी दे आणि त्यांची सायकल लिहून घे. तू त्यांना उद्या या म्हणालीस, त्याला आता बरेच दिवस झाले.

तुझ्यावर न रागावलेली, तुझीच
आई