घड्याळजीचे डोळे

ता. २ फेब्रुवारी

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

कादंबरीचं एक प्रकरण सोबत पाठवते. यातला घड्याळजी मी मुद्दाम चुकीचा विचार करणारा केलाय. त्याचं म्हणणं, जे जे डोळे तपासायला गेले त्या सगळ्यांच्या डोळ्यांत दोष निघाला. तेव्हा तपासायला जायचंच नाही. इतकं वाकडं डोकं चालवायला मला महिना लागला. तू शिंपी माणूस, शिवण कुठे उसवते ते कळव.

तुझ्या टोमण्यांची वाट बघणारी,
धाकटी

ता. ९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीने प्रकरण वाचून दाखवलं. त्यात डोकं ठिकाणावर असलेला माणूस एकच, घड्याळजी. मीही तेच म्हणतो. डाव्या डोळ्याला वर्षभर धुरकट दिसतंय; गेलो का कुठे? उजवा आहे ना. परवा काळ्या कोटाला निळ्या दोऱ्याने काजं केली. गिऱ्हाइकाने विचारलं, नवी फॅशन का? हो म्हणालो. वाचताना वहिनी सारखी माझ्याकडे का बघत होती, कोण जाणे.

लोभ उसवू देऊ नये.
दादा

ता. १५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून बहीण म्हणून घाबरले आणि लेखिका म्हणून खूश झाले. तपासून घे म्हणत नाही, तू ऐकायचा नाहीस. पण घड्याळजीपुढे त्याच्या बायकोची बोलतीच बंद होते, प्रकरण अडलंय. तिचं उत्तर तू लिही. लहानपणी वादात मला रडवायचास, आता त्याला गप्प कर.

तुझीच,
धाकटी

ता. २६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

महा चिवट माणूस तुझा घड्याळजी. बायकोला रडवून पाहिलं, माहेरी धाडून पाहिलं, तो ढिम्म. शेवटी तिला त्याच्या दुकानात आणून बसवलं. ती म्हणाली, तुमच्याकडे येणारं प्रत्येक घड्याळ बिघडलेलंच निघतं, ते काय तुम्ही उघडून बघता म्हणून? यावर त्याचं उत्तर काही सुचेना. वहिनीने विचारलं, त्याला सुचत नाही की तुम्हाला? उद्या डोळे तपासायला जातोय. घड्याळजीचं तू बघ.

दादा

ता. २० मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मोतीबिंदू काढला. पट्टी निघाल्यावर आधी दिसली तुझी वहिनी. वर्षभर ती माझ्याकडे रागाने बघत होती. धुरकटात मला ते कौतुक वाटायचं. आता सुईत दोरा स्वतः ओवतो.

घड्याळजीला सुधारू नकोस. समोरचा न्हावी आपल्या गुडघ्याबद्दल अगदी त्याच्याच थाटात बोलतो. पुस्तक आलं की पहिली प्रत त्याला. घड्याळजी पटला म्हणाला, तर बायकोचं उत्तर त्याच्याकडूनच लिहून घेईन.

माया आहे तशीच घट्ट ठेव.
दादा