बुधवारवाले

सान्तियागो,
मंगळवार, १३ ऑगस्ट २०१९

प्रिय इस्माएल,

दोन महिने झाले, मी तुला एक ओळ लिहिली नाही. मधे तुझे तीन फोन आले, तिन्ही वेळा मी तुझ्या दाजींना, रामीरोला, घ्यायला लावले आणि स्वतः न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. माफ कर. फोनवर तू मला मधेच तोडतोस आणि मीही बरं वाटून तोडून घेते, म्हणून पत्र.

तुमच्या पुन्ता आरेनासला ऐन हिवाळ्यात बर्फ असेल. इथे नुसती ओल आहे. रॉकेलची शेगडी दिवसभर चालते आणि सगळ्या घराला तिचा वास येतो. तुझ्या भाचीला, आम्पारोला, वर्गातल्या मुली त्यावरून चिडवतात, म्हणून ती गणवेश बाल्कनीत वाळवते आणि तो वाळतच नाही. रामीरोचं काम ठीक चाललंय. जेवणाचं टेबल आम्ही पॅसेजमध्ये हलवलं, टेबलाच्या जागी आता बाबांची खाट आहे. जिना त्यांना आता जमत नाही. चौघं एका रांगेत भिंतीकडे तोंड करून जेवतो. रामीरो म्हणतो, आपण बसमध्ये बसल्यासारखे दिसतो. बाबा पहिल्या दिवशी हसले होते.

त्यांच्या डाव्या पायाची जखम भरली आहे. पुढचं अर्धं पाऊल नाही, ते तुला माहीत आहे. साखर आटोक्यात आहे. वॉकर घेऊन ते फाटकापर्यंत जातात.

माझं एक मागणं आहे. ते आधीच लिहिते, नाहीतर शेवटी धीर उरणार नाही. जूनमध्ये बाबांच्या क्लबच्या कमिटीला तू तेयोकाकांविरुद्ध जे पत्र पाठवलंस ते मागे घे. ‘मला मिळालेली माहिती चुकीची होती’ एवढं एकच वाक्य पुरे. माहिती कुणी दिली ते लिहायचं असेल तर माझं नाव लिही.

तू घर सोडलंस तेव्हा बाबा नोकरीत होते, त्यामुळे त्यांचे हे बुधवार तू पाहिलेलेच नाहीस. चाळीस वर्षं पाण्याचे मीटर वाचत ते लोकांच्या दारांतून फिरले. निवृत्त झाले त्याच आठवड्यात पेन्शनरांच्या गिर्यारोहण क्लबात नाव घातलं. म्हणाले, “आता जिथे दारच नाही तिथे फिरणार.” क्लबात हे बारा जण होते, बुधवारवाले, आणि तेयोकाका त्यांचे म्होरके. पहाटे सहाला तेयोकाका फाटकाशी शीळ घालायचे. बाबा पाव आणि उकडलेली अंडी पिशवीत घालून तयारच असायचे. आईलासुद्धा त्यांनी कधी इतकं वेळेवर कुठे नेलं नसेल. तेयोकाका त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठे, साखर कारखान्यातले जुने फोरमन, वजनदार. बाबा त्यांना म्हणायचे, “तेयो, तुझ्याआधी तुझी धाप वर पोचते.” तेयोकाकांचं उत्तर ठरलेलं होतं: “ती पुढे जाऊन तुझ्यासाठी जागा धरते.” अकरा वर्षं हाच विनोद. संध्याकाळच्या चहाला तेयोकाका आमच्याकडेच असायचे. दोघं मिळून अख्खा पाव आणि चार अवोकाडो संपवायचे आणि डोंगरावर कोण कुठे घसरलं ते आम्पारोला करून दाखवायचे.

केल्तेवे डोंगराच्या माथ्यावर दगडांच्या ढिगात पत्र्याचा डबा असतो, तो तुला आठवत असेल. वर पोचलेल्याने आपली चिठ्ठी त्यात ठेवायची, तारीख आणि बरोबर कोण आहे ते लिहायचं, आणि आधीच्याची चिठ्ठी काढून खाली आणायची. खाली आणलेली चिठ्ठी ज्याची त्याला हातात द्यायची. तो डोंगर चढल्याचा पुरावा. चिठ्ठीवर कुणी शंका घेत नाही आणि दुसऱ्याची चिठ्ठी तिसऱ्याला दाखवत नाही. बाबा सगळ्यांत आधी पोचायचे, त्यांच्यामागून तेयोकाका. म्हणजे बाबांची चिठ्ठी दर बुधवारी तेयोकाकांच्याच खिशातून खाली यायची.

आठ मेच्या बुधवारी तेयोकाका चहाला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या लायब्ररीत आले. त्या इमारतीत ते पहिल्यांदाच येत होते. टोपी हातात घेऊन वर्तमानपत्रांच्या रॅकशी उभे राहिले, मी मोकळी होईपर्यंत. मग बाबांची आदल्या दिवशीची चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, “ही निबाल्दोला द्यायला हवी होती. मी नियम मोडतोय.”

चिठ्ठीत बाबांचं सुंदर अक्षर होतं, मीटरच्या वहीतलं. ‘१५ एप्रिल १९८९. हवा स्वच्छ. मी, ओर्तेन्सिया आणि इस्माएल (वय दहा). इस्माएल शेवटचा चढ न थांबता चढला.’ तारीख तीस वर्षांपूर्वीची, आणि बरोबर आपली आई.

इस्माएल, तू मला फोनवर विचारलं होतंस, आधी काही जाणवलं नव्हतं का. मी म्हणाले, काही नाही. हॉस्पिटलात डॉक्टरनेही हेच विचारलं, त्यालाही मी काही नाही म्हणाले आणि त्याने ते लिहून घेतलं. तुझ्या पत्रात तू लिहिलंस की कुटुंबाला कसलीही कल्पना नव्हती, बरोबर असणाऱ्या म्होरक्याला मात्र असायला हवी होती. म्होरक्याला होती. ती त्याने मला दिली होती, माझ्या टेबलावर.

तेयोकाकांचं म्हणणं होतं की डॉक्टरला दाखवू या आणि तोवर डोंगर बंद करू या. मीच म्हणाले, थोडं थांबू या. तुम्ही फक्त त्यांच्यावर लक्ष ठेवा आणि हे कुणाला बोलू नका. ते म्हणाले, “पोरी, माझे गुडघे त्याच्यामागे किती धावणार?” तरी त्यांनी शब्द दिला. पुढचे चार बुधवार ते कसे चढले असतील याचा विचार मी तेव्हा केला नाही. आमच्याकडे चहाला आल्यावर ते पाव न खाता नुसते बसायचे. मला वाटायचं, वय झालं.

पाचवा बुधवार म्हणजे बारा जून. उतरताना एका बाईंचा पाय मुरगळला, तेयोकाका त्यांना धरून बसले आणि बाबा पुढे गेले. ते नेहमीच्या वाटेने गेले नाहीत. ते तुझ्या-माझ्या लहानपणच्या वाटेने उतरले, जिच्या पायथ्याशी बसचा शेवटचा थांबा होता. त्या वाटेच्या तोंडाशी आता श्रीमंतांची कुंपण घातलेली वसाहत आहे. बाबा रात्रभर त्या जाळीच्या बाहेर बसले होते. जाळीपासून घरं दहा-बारा पावलांवर. सकाळी माळ्याने पाहिलं. बुटात पाणी गेलेलं, आणि साखरेचा आजार असलेल्याच्या पायाला थंडी कळत नाही. मी नंतर माळ्याला भेटले. तो म्हणाला, आजोबांनी हाक मारली असती तर कुणीही उठलं असतं, पण त्यांनी मला विचारलं ते एवढंच, की पहिली बस किती वाजता. मी तिथे गेले होते, ती जाळी धरून उभी राहिले होते. आत कुणीतरी कुत्र्याला अंघोळ घालत होतं.

आता मी हे का केलं ते. तुला लिहायचं म्हणून मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं आहे, आणि दर वेळी उत्तर बदलतं, म्हणून माझा माझ्यावर विश्वास नाही.

रामीरोला मी सांगितलं की बाबांकडून डोंगर काढून घ्यायचं माझ्याने झालं नाही. त्यांच्याजवळ तेवढंच उरलं होतं. हे खरं आहे, आणि ऐकायला बरं आहे, म्हणून मला त्याचा संशय येतो.

दुसरं असं की मी शनिवारी काम करते, त्याबद्दल मला बुधवारी सुट्टी असते. बुधवारी रामीरो कामावर, आम्पारो शाळेत, बाबा डोंगरावर. आठ ते दोन मी घरात एकटी. काही विशेष करत नव्हते. अंडं तळून खायचे, वाचायचे, कधी दुपारी परत झोपायचे. त्या सहा तासांत मी कुणाची मुलगी नव्हते, कुणाची आई नव्हते. डोंगर बंद झाला असता तर बुधवार बंद झाला असता. हा हिशेब मी लायब्ररीत, तेयोकाका समोर उभे असतानाच केला. त्यांच्या टोपीकडे बघत केला.

हे रामीरोला मी परवा सांगितलं. तो शेगडीत रॉकेल भरत राहिला. नंतर म्हणाला, “मला सांगितलं असतंस तर मी बुधवारी रजा टाकली असती.” टाकली असती, हे मला तेव्हाही माहीत होतं.

तिसरं कारण मी कुणालाच सांगितलेलं नाही. एकोणनव्वद-नव्वद साली आपण किती वेळा केल्तेवेवर गेलो ते तू मोज. तू फाटे फोडायचास, रडायचास, पोट दुखतंय म्हणायचास. डोंगर मला आवडायचा. त्या एप्रिलच्या दिवशी मी तुमच्याबरोबर होते. चौदा वर्षांची. तुझी पिशवी शेवटच्या चढावर मी घेतली होती, म्हणून तू न थांबता चढलास. चिठ्ठीत माझं नाव नव्हतं. मी ती दोन-तीनदा वाचली. मला आधी भीती वाटली नाही, इस्माएल. मला आधी राग आला. नाव कसं विसरले, याचा. आणि त्या रागात मी म्हणाले, थोडं थांबू या. चुकलेल्या तारखेचं मला जे वाटायला हवं होतं ते दोन दिवसांनी वाटलं, तोवर शब्द देऊन-घेऊन झाला होता.

कदाचित तिसरं कारण मी आता, मागाहून रचते आहे. सहा तासांच्या झोपेसाठी बापाचा पाय घालवला, यापेक्षा दुखावलेली मुलगी होणं सोपं. मला ठरवता येत नाही. तुला तिन्ही लिहिली, तू निवड.

तेयोकाका कमिटीपुढे उभे राहिले तेव्हा त्यांनी चिठ्ठीचा उल्लेख केला नाही. त्यांनी मला शब्द दिला होता. कमिटीने त्यांना म्होरकेपणावरून काढलं. मला हे बातमीसारखं कळलं आणि तरी मी सहा आठवडे गप्प राहिले. गेल्या गुरुवारी मी क्लबच्या सेक्रेटरीबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला, आणि म्हणाल्या की आता प्रश्न तेयोंचा राहिला नाही. तुमच्या भावाच्या पत्रानंतर बुधवारच्या कागदावर म्होरक्या म्हणून सही करायला कुणीच तयार नाही. बुधवार बंद केला आहे. डबासुद्धा माथ्यावरून खाली आणला, तो कपाटात आहे, पाहायचा का? मी नको म्हणाले.

तिथून तेयोकाकांकडे गेले. त्यांच्या खोलीत पेट्या बांधलेल्या होत्या. मी सेक्रेटरीबाईंना काय सांगितलं ते सांगितलं. ते म्हणाले, “बरं केलंस. पण पोरी, उद्या त्यांनी बँड लावून बोलावलं तरी मी चढणार कशावर? दोन महिने बसलो आणि गुडघ्यांनी राजीनामा दिला.” मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही आणि नाकारलीही नाही. म्हणाले की निबाल्दोच्या चिठ्ठ्या अकरा वर्षं त्यांनी न वाचता त्याच्या हातात दिल्या, हीच एक का वाचली, हे ते स्वतःला विचारतात. परवा रविवारी त्यांची मुलगी त्यांना ताल्काला घेऊन गेली. तिचं घर गावाबाहेर आहे, जमीन सपाट.

म्हणून तुझ्या पत्राने आता काही होणार नाही, हे मला कळतं. तरी मागे घे. पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे, जमलं तर त्यांनाही दोन ओळी पाठव. तू माझ्यावर रागावलास तर ते बरोबरच आहे. ये असं मी म्हणत नाही. आलास तर बाबा तुला ओळखतील, त्यांना दहा वर्षांचा तू लागतोस एवढंच. मला ते सेन्योरा म्हणतात, बेकरीतल्या बाईशी बोलावं तसं, सभ्यपणे.

त्यांना आठवड्याचे वार मात्र अजून पक्के आहेत, तेवढे कसे राहिले डॉक्टरलाही सांगता येत नाही. रोज सकाळी विचारतात, “सेन्योरा, आज वार कोणता?” गेल्या बुधवारी मी खरं सांगितलं. ते पिशवी मांडीवर घेऊन फाटकाशी जाऊन बसले. सहापासून दुपारी एकपर्यंत. पाऊस होता. विजार ओली झाली तरी आत येईनात. म्हणाले, “तेयो आला आणि मी नसलो तर?” शेवटी रामीरोने कामावरून येऊन उचलून आणलं. आईनंतर पहिल्यांदाच त्यांना रडताना पाहिलं, रामीरोच्या खांद्यावर, मला पाठ करून.

आणखी लिहिण्यासारखं नाही. तुला एकदा तरी सगळं खरं सांगायचं होतं, ते झालं. त्याने मला हलकं वाटेल असं वाटलं होतं.

तुझी ताई,
एलियाना

उद्यासाठी: उद्या बुधवार आहे. बाबांना गुरुवार सांगणे.