बाबांच्या घराचं दार

१२ ऑगस्ट २०२४
कवी खुशाल स्मृती उद्यान, ता. ब्रह्मपुरी

रीताताई,

नमस्कार. मी बरा आहे. मुलचेऱ्याला तुमचे धानाचे रोवणे आटोपले असतील आणि भावजींची कंबर ताळ्यावर आली असेल, असं धरून चालतो.

माझा नंबर तू ब्लॉक केलास, म्हणून हा कागद. तुझं पत्र आठवड्यापूर्वी मिळालं. तू शाळेत शिकवतेस हे मान्य, पण भावालाही लाल पेन? ‘आईचं दार तिच्या घराला परत लाव’ या ओळीखाली दोन रेघा मारल्यास. मला एका रेघेतही कळतं गं.

उद्यान छान झालंय. तलावाच्या पाळीला तीन एकर, मोह, बेहडा, अर्जुन, प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पाटी. परवा माजरीहून शाळेची बस आली होती. मुलांना बाबांच्या झोपडीपुढे बसवून मी नेहमीचं सांगितलं: कवी खुशाल यांनी घराला कधी दार ठेवलं नाही, येणारा प्रत्येक जण आपला. बाईंनी डोळे पुसले.

हसू नकोस. उद्यानाच्या समितीकडे घराचा एकच फोटो होता. बाबांना बक्षीस मिळालं तेव्हा पेपरवाल्यानं काढलेला. त्या फोटोत जे होतं ते ठेवायचं, नव्हतं ते काढायचं, असं ठरलं. आईची खिडकी गेली, चुलीचा ओटा गेला. दारही गेलं. इंजिनिअरनं मला विचारलं, “फोटोत दार का नाही?”

फोटोच्या आदल्या दिवशी बाबांनी ते लाथा मारून पाडलं होतं, हे मी सांगायला हवं होतं. आतून तू आणि आई पाठ लावून उभ्या होत्या. दार तुझ्यावर पडलं, कपाळाची खूण तिथलीच. मी खाटेखाली होतो. बाबा मग बाहेर तलावाकाठी बसून कविता म्हणत होते, आवाज काय गोड.

मी इंजिनिअरला म्हणालो, बाबांना दार आवडायचं नाही. समितीला ते इतकं पटलं की त्याची पाटी झाली. महिन्याभरानं मी व्यवस्थापक झालो.

त्यानंतरचं दार आईनं दोन हंगाम रोवण्याला जाऊन सुताराकडून करून घेतलं होतं. सागाचं, आतून जाड कडीचं. आम्ही ते काढून अवजारांच्या खोलीत ठेवलं, आणि आईला मागं चौकीदाराच्या खोलीत. ती रोज काठी टेकत झोपडीपर्यंत यायची.

“सुरेंदर, तू लोकायले काय सांगून राह्यला? मले ऐकू येते.”

“पाहुणे आहेत, आई. जा तिकडं.”

“माहं दार बसवून दे. मले माह्या घरात कडी लावून मरायचं हाय.”

जूनभर हेच. पाहुण्यांपुढं लाज वाटायची, म्हणून मी लच्छू चौकीदाराला सांगितलं, सकाळी दहा ते सहा बाईला खोलीबाहेर येऊ देऊ नको. त्यानं बाहेरून कडी घातली. ती कडी तिची नव्हती.

आता ते लिहितो, जे पहिल्या ओळीत लिहायचं होतं. आई एकवीस जुलैला गेली. त्याच खोलीत, दुपारी. सहाला लच्छूनं उघडलं तेव्हा ती दाराला पाठ लावून बसलेली होती.

पुरानं रस्ता बंद होता, म्हणून तुला कळवलं नाही, असं मी नातेवाइकांना सांगितलं. रस्ता दुसऱ्या दिवशी सुरू झाला. अठ्ठावीसला बाबांची जयंती होती, मोठे पाहुणे येणार होते, आणि तू कपाळ घेऊन पाटीसमोर उभी राहिली असतीस. मला ते नको होतं.

आठवडाभराच्या पावसानं लाकूड ओलं होतं, सरण पेटेना. कोरडं लाकूड एकच होतं. कुऱ्हाड मीच चालवली. सागवान चांगलं जळालं, ताई. तू मागितलंस त्याच्या आधीच आईला तिचं दार मिळालं.

मला रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशी दहाला गेट उघडलं आणि पहिल्याच घोळक्याला तेच सांगितलं. तू मला शिव्या दे, मला त्या हव्या आहेत. पाटी मात्र मी काढणार नाही. ती काढली तर मला कोणी ठेवणार नाही, आणि दुसरं मला काही येत नाही.

दाराची कडी राखेत सापडली. या पाकिटात घातली आहे, जरा वाकली आहे.

कधीही ये. घराला दार नाही.

तुझा भाऊ, अजून खाटेखालीच,
सुरेंद्र