मागची सीट

३ जानेवारी
संकल्प. आजपासून ऑफिसला जायला बस बंद, रोज मोटारसायकल. टू-स्ट्रोक आहे, लेकीपेक्षा वयाने मोठी आहे, म्हणून काय झालं? जुनं ते सोनं. आत भानगडच नाही. पेट्रोल, हवा आणि ठिणगी, तिन्ही वेळेवर आली की गाडी चालते. माणसांचं असं नसतं.

महिन्याभरात गाडी ठणठणीत करायची आणि हिला घेऊन यायचं. ही लेकीकडे गेली तेव्हा नात पाळण्यात होती, आता चालायला लागलीय. बायका 'न्यायला या' असं तोंडाने कधी म्हणत नाहीत. ते आपण ओळखायचं असतं. मी ओळखलंय.

४ जानेवारी
बसने गेलो. गाडीला थंडी बाधली होती.

८ जानेवारी, सकाळ
टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. लोक मापाने घालतात. मी सढळ हाताने घालतो, पंगतीत वाढावं तसं. जुन्या इंजिनाला माया लागते.

संध्याकाळ
सकाळी पुलावर बंद पडली. प्लग तेलाने काळाकुट्ट. जादा प्लग आणि पाना जुन्या रुमालात गुंडाळून ठेवलेला असतो, पण हिच्या पर्समध्ये. पर्स हिच्याबरोबर. ऑफिसपर्यंत ढकलत नेली. गेटवरच्या वॉचमनने फाटकाची दोन्ही दारं उघडली. एरवी ट्रकसाठीच उघडतो. जुन्या गाडीला मान असतो.

१३ जानेवारी
वरच्या मजल्यावरच्या बाई तणतणत आल्या. वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास लागतो म्हणाल्या. मी सांगितलं की धूर दिसतो म्हणजे इंजिन प्रामाणिक आहे, नव्या गाड्या काय ते गुपचूप करतात. मग त्या बरंच काही बोलल्या. माझ्या वयापासून ते माझ्या अकलेपर्यंत. मी दार लावून घेतलं नाही. या घरात कोणी एवढं बोलल्याला बरेच दिवस झाले होते. बसा म्हटलं. बसल्या नाहीत.

२१ जानेवारी, रविवार
हिचा फोन. दर रविवारी सकाळच्या चहानंतर येतो. नातीच्या दातांबद्दल काहीतरी सांगत होती. मी म्हटलं, थांब जरा, आणि खाली जाऊन मोबाईल सायलेन्सरजवळ धरला. आवाज ऐकून तिला गहिवरून येईल असा अंदाज होता. ती म्हणाली, तेल जास्त झालंय, टाकी रिकामी करून मापाने भरा. मी हो हो म्हटलं. जन्मभर मागे बसलेल्या माणसाला इंजिनातलं काय कळणार?

नातीच्या दातांचं काय झालं ते विचारायचं राहिलं.

२३ जानेवारी
स्वतःच्या अभ्यासाने माझ्या लक्षात आलं की तेल जास्त होत होतं. टाकी रिकामी करून मापाने भरली. एका किकमध्ये सुरू. हिला कळवणार नाही. उगाच डोक्यावर बसेल.

३० जानेवारी
ही तिकडे का अडकली याचा शोध लागला. पाठ! मागची सीट दबून दबून पाट झाली होती, दोन-तीनदा म्हणालीही होती बहुतेक. सीटवाल्याकडून मागच्या भागाला जाड फोम घालून घेतला. पुढचा भाग तसाच ठेवला, मला सवय आहे. मागे कोण बसतं, असं त्याने विचारलं. म्हटलं, बसणार आहे.

संध्याकाळी पार्किंगमध्ये मागे बसून पाहिलं. तिथून रस्ता दिसत नाही. चालवणाऱ्याची पाठ तेवढी दिसत असणार, आज तीही नव्हती. बराच वेळ बसलो. फोम चांगला आहे.

४ फेब्रुवारी, रविवार
फोनवर काही बोललो नाही. पुढच्या रविवारी थेट जाऊन उभा राहणार. सरप्राइज.

हिला गाडीवर बोलायची भारी हौस. घरात गप्प, पण गाडीने तिसरा गिअर घेतला की मागून सुरू. त्या फटफटाटात मला एक अक्षर ऐकू यायचं नाही. मी मधूनमधून 'हो, हो' म्हणायचो. गेली त्या दिवशी स्टँडच्या चढावरही बोलत होती. इतक्या वर्षांत आमचं एकदाही भांडण नाही. नवीन लग्न झालेल्यांना ही युक्ती सांगायला हवी.

घरात फार शांत आहे. करमत नाही. लिहून टाकलं, आता विषय संपला.

११ फेब्रुवारी, रविवार
एका किकमध्ये सुरू. वाटेत कुठे थांबली नाही. हिचं हेल्मेट मागे बांधून नेलं होतं. गल्लीच्या वळणावर पोहोचेपर्यंत ही गॅलरीत येऊन उभी. आवाज ओळखला म्हणे. नात मला बघून रडली. तेलाच्या वासाने असेल.

चहा झाल्यावर म्हटलं, चल, बॅग भर. लेक आणि जावई एकमेकांकडे बघायला लागले. मग लेक नातीला घेऊन आत गेली आणि जावई तिच्या मागोमाग. हिने कप बशीत ठेवला.

"अहो, मी तुम्हाला विचारून आलेय. स्टँडवर सोडायला आलात ना, तेव्हा चढावर म्हटलं, मी आता लेकीकडेच राहू का? तुम्ही हो हो म्हणालात. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. म्हणून परत विचारलं."

आठवतंय, असं म्हणालो. दुसरं काय बोलणार?

निघताना ती खाली आली. रुमालात गुंडाळलेला प्लग आणि पाना पर्समधून काढून माझ्या हातात दिला. आता हे तुमच्याकडेच असू द्या म्हणाली. नवी सीट तळव्याने दाबून पाहिली. छान झालीय म्हणाली. बसली नाही.

१२ फेब्रुवारी
येताना गाडी झकास चालली. मागे वजन नसल्याने पेट्रोलही कमी लागलं. प्लगची गरज पडली नाही. स्टँडच्या चढावर सवयीने 'हो, हो' म्हणालो.

सगळा दोष सायलेन्सरचा आहे. बदलून घेतला पाहिजे.

आज ऑफिसला बसने गेलो. शेजारी बसलेला माणूस काहीतरी बोलला. मी त्याच्याकडे पूर्ण वळून विचारलं, काय म्हणालात? तो म्हणाला, तुम्हाला नाही, मी फोनवर बोलतोय.