तारांची चाकं

बोरिवली पूर्व,
ता. ८ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
चैतन्यचा शि. सा. नमस्कार.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, कानात यंत्र घालायचं नाही, मोबाइलवर वाचायचं नाही. म्हणून बोरिवलीहून मुलुंडला कुरियरने पत्र! कुरियरवाला हसतो हो मला.

बातमी झकास आहे. माझ्याकडे दुरुस्तीला असलेल्या तुमच्या जुन्या लाल एमजी गाडीची वायर व्हील्स, तीच तारांची चाकं, इंग्लंडहून आली. नुसती चाकं नाहीत, ती ज्यांवर बसतात ते दातेरी हबसुद्धा. आता ती पत्र्याची चाकं काढायची, हब बदलायचे, तारांची चाकं चढवायची आणि प्रत्येकाच्या मधोमध एकच कानवाला नट, तांब्याच्या हातोड्याने ठोकून घट्ट करायचा. गाडी घेतलीत तेव्हापासून तुम्हाला हेच हवं होतं ना?

आई मुलुंड सोडून माझ्याकडे आली त्याला दोन वर्षं होतील. माझ्या वास्तुशांतीला पाहुण्यांसमोर तुम्ही मला कामातून गेलेला म्हणालात, ते ती विसरत नाही. म्हणते, पोराला एकदा तोंडावर चांगलं म्हणू देत, त्याच दिवशी घरी जाते. बाबा, चाकं बसवून गाडी तुमच्या दारात आणतो. आवडलं तर म्हणा ना तेवढं.

तब्येत सांभाळा. माया आहे तशी राहू द्या.

तुमचा,
चैतन्य

मुलुंड पूर्व,
ता. १३ जानेवारी

चि. चैतन्य यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. अक्षर अजून कोंबडीच्या पायाचंच आहे.

हब तू स्वतः बसवणार हे वाचून मला हसून ठसका लागला. तुझी शकुआत्या पाणी घेऊन धावली. तुझ्या हातात पाना शोभत नाही रे, माउस शोभतो. आठवीत सायकलची चेन बसवलीस ती मला काढून परत बसवावी लागली होती. त्यानंतर तुझ्यात काय सुधारणा झाली ते माझ्या तरी पाहण्यात नाही.

तरी शब्द देतो. चाकं नीट बसली आणि गाडी पवईवरून माझ्या दारापर्यंत आली, तर चांगलं म्हणेन, तुझ्या आईसमोर म्हणेन. आधी प्रत्येक चाकाचा जवळून फोटो काढ आणि छापून पाठव. कारखान्यात जन्मभर लोकांची कामं तपासली, तुझंही तपासतो.

आईला सांग, तिच्यावाचून इथे काही अडलेलं नाही. भाजीत मीठ आता बरोबर पडतं.

आशीर्वाद आहेतच. ते घ्यायची लायकी वाढव.

तुझा बाप,
विद्याधर

बोरिवली,
ता. ३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बसली! चारही बसली. हात सोलवटलेत, पाठ धरली आहे, पण काय दिसतेय गाडी, आई शप्पथ. वॉचमनसुद्धा फोटो काढून गेला. आईसुद्धा काल खाली येऊन पदराने एक चाक पुसत बसली होती.

चारही फोटो सोबत जोडले आहेत. नीट बघा. १६ तारखेला, रविवारी, निघायचा विचार आहे. तोवर गाडी जागची हलवत नाही. काही चुकलं असेल तर दोन शब्द टाका, मी सगळं परत खोलीन. तुमचं पत्र नाही आलं तर सगळं ठीक आहे असं समजतो.

तुमच्या नजरेवर माझा भरवसा आहे, तेवढाच तुमचा माझ्यावर बसू दे.

चैतन्य

मुलुंड,
ता. २० फेब्रुवारी

चि. चैतन्य यास,
आशीर्वाद.

शकुने काल मोबाइलवर फोटो दाखवला. जुन्या गाड्यांच्या कुठल्याशा ग्रुपवर फिरतोय म्हणे. आरे कॉलनीचा रस्ता, माझी एमजी झाडाला नाक लावून उभी, पुढचं एक चाक लांब गवतात. खाली लोकांनी हसरे चेहरे टाकलेत. मीही हसलो. कोपऱ्यात तू उभा दिसतोस, म्हणजे हातपाय शाबूत आहेत.

वाट लागली ना? अरे, तुझे फोटो पाहताक्षणी मी ओळखलं होतं. नटावर तो सोडायच्या दिशेचा बाण असतो. चाकाच्या वरच्या अंगाला तो बाण गाडीच्या तोंडाकडे हवा. तुझा डिकीकडे! म्हणजे डावे हब उजवीकडे, उजवे डावीकडे. आटे उलटे. गाडी जितकी पुढे जाईल तितका नट सुटत जाणार.

कळवलं असतं एका ओळीत. नाही कळवलं. का कळवू? त्या चाकांसाठी मी आयुष्यभर तरसलो आणि तुला ती एका पार्सलात मिळाली. वर मी तुला चांगलं म्हणायचं? म्हटलं, सोसायटीच्या गेटपाशी फजिती होऊ दे, चार माणसं बघू देत, म्हणजे जन्मभर लक्षात राहील. तू आरेपर्यंत पोचलास हेच नवल.

आईला सांग, बघून घे तुझ्या लाडक्याचे प्रताप.

राग मानू नकोस, तुझ्या भल्याचंच सांगतो.

विद्याधर

बोरिवली,
ता. २७ फेब्रुवारी

श्री. विद्याधर यांस,
सौ. उत्तरा हिचा नमस्कार.

पाकीट चैतन्यच्या नावाचं होतं. कामवाल्या बाईने माझ्या कॉटवर आणून दिलं. अक्षर तुमचं, म्हणून फोडलं.

गाडीत चैतन्यच्या शेजारच्या सीटवर मी होते. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली आहे. दोन बरगड्या गेल्या. चैतन्यला खरचटलंसुद्धा नाही आणि तेच त्याला सोसत नाही. फोटो काढणारे जमले तोवर मला रिक्षातून नेलं होतं. तुम्हाला कळवू नको असं मीच त्याला बजावलं. म्हटलं, त्यांचं बी.पी. वाढेल.

डिकीत माझी बॅग होती. घरी यायला निघाले होते मी. तुमच्या एका शब्दासाठी अडून बसले तर दोघांचं म्हातारपण दोन घरांत सरेल, असं वाटायला लागलं होतं. तुमच्यासाठी कुळथाचं पीठ दळून घेतलं होतं.

चैतन्य रोज विचारतो, डावं-उजवं मी चुकलो कसा? अहो, तो एवढासा होता तेव्हापासून तुम्ही बॉनेटसमोर गाडीकडे तोंड करून उभे राहायचात आणि तिथूनच त्याला डावं-उजवं सांगायचात. आपल्या घरात गाडीचं डावं तेच. इंग्लंडच्या खोक्यांवर ड्रायव्हरच्या हिशोबाने लिहिलेलं होतं. निघताना मला जरा धास्ती वाटत होती. तर तो हसून म्हणाला, चूक दिसली आणि बाबा गप्प बसले, असं कधी झालंय का, आई?

आता तो पान्याला हात लावत नाही. जेवताना माझ्याकडे बघत नाही. आईला आपण मोडलं, असं मनात धरून बसलाय.

मी मुलुंडला आता यायची नाही. राहिलेले कपडे शकुवन्सं पाठवतील.

तुमचं पत्र माझ्या उशाशी आहे. संध्याकाळी चैतन्य ऑफिसातून आला की त्याच्या हातात देणार आहे. दोष त्याचा नव्हता, हे त्याला कळायलाच हवं. त्यात तो बापाला मुकला तरी माझा इलाज नाही.

गोळ्या वेळेवर घेत जा.

उत्तरा